भाची दसऱ्याला निघतेय, मध्यरात्री माग्डेबुर्गला एकटी पोचेल. काय काय बघून ठेवायचं?

कृष्णाकाठची | १४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. माझी भाची मिरजेहून माग्डेबुर्गच्या विद्यापीठात मास्टर्ससाठी निघाली आहे. आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ही पहिलीच. मेहुण्यांनी तिकीट काढलं ते २ ऑक्टोबरचं. दसरा आहे, सीमोल्लंघनाचा मुहूर्त. शिवाय गांधी जयंतीची सुट्टी, म्हणजे सगळ्यांना मुंबईपर्यंत पोचवायला जाता येतं. आणि हो, स्वस्तही मिळालं.

पहाटे मुंबई, मग आखातात लांबलचक थांबा, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास फ्रँकफर्ट. तिथून आगगाडी, मध्ये एकदा गाडी बदलायची. वेळापत्रकाप्रमाणे माग्डेबुर्गला पोचायला रात्रीचा एक वाजतो. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर एक.

ताईची झोप उडाली आहे. स्टेशनबाहेर अंधार असेल, टॅक्सीवाला कसा असेल, कोणी मागे लागलं तर? भाची म्हणते, "मावशी, गूगल मॅप आहे." मला दोघींचंही पटत नाही. जे स्वतः असे अपरात्री अनोळखी शहरात एकटे उतरलेत त्यांनी नेमकं सांगा. "काळजी घ्या" असले प्रतिसाद नकोत, ती आम्ही घेतोच आहोत.

टेकडीवरचा | १४ सप्टेंबर, रात्री १०:५५

रुमाल टाकतोय. मुलगा पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय.

एल्बेकाठी | १४ सप्टेंबर, रात्री ११:३०

माग्डेबुर्गलाच शिकले, आता नोकरीनिमित्त तिथून जवळच असते. टॅक्सी आणि अंधार बाजूला ठेवा. पहिला प्रश्न: खोलीची किल्ली कोण देणार आणि किती वाजेपर्यंत?

विद्यार्थी वसतिगृहात रात्री दार उघडायला वॉचमन काका बसलेले नसतात. हाउसमाइस्टर नावाचा माणूस असतो, तो किल्ली देतो, करारावर आणि खोलीतल्या सामानाच्या यादीवर सही घेतो, आणि हे सगळं त्याच्या ठरलेल्या वेळेतच. ती वेळ बहुधा सकाळची, तीही आठवड्याचे मोजके दिवस. रात्री एकला तो घरी झोपलेला असतो आणि फोन उचलत नाही. उचलावा अशी अपेक्षाही तिथे कोणी करत नाही.

आता तारीख बघा. ३ ऑक्टोबर हा जर्मनीचा एकीकरण दिन, राष्ट्रीय सुट्टी. यंदा तो शुक्रवारी आलाय. पुढे शनिवार, रविवार. म्हणजे ती गुरुवारी मध्यरात्री पोचली तर किल्ली सोमवारी, ६ तारखेला. मुहूर्त उत्तम आहे, फक्त पलीकडे तीन दिवस कुलूप आहे.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते: विमान उतरलं म्हणजे पोचलो असं समजू नका. किल्ली हातात आली की पोचलो. उलटं मोजत या. किल्ली कधी मिळते, त्याच्या आधी कुठे झोपणार, त्याच्या आधी कुठली गाडी, आणि सगळ्यात शेवटी कुठलं विमान. आपल्याकडे विमानाच्या भाड्यापासून सुरुवात होते.

स्पष्टवक्ता | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

राग येईल, पण मुलीला मध्यरात्री परक्या गावात एकटी पाठवायचीच कशाला? वडिलांनी सोबत जावं, आठ दिवस राहून परत यावं. आणि माग्डेबुर्ग म्हणजे तेच ना, जिथे २० डिसेंबर २०२४ ला ख्रिसमसच्या बाजारात गाडी घुसवली? त्यात आपले भारतीयही जखमी झाले होते.

हिंडफिरी | १५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

@स्पष्टवक्ता, तो हल्ला संध्याकाळी, भर गर्दीत झाला होता. रात्री एकटं उतरण्याशी त्याचा काय संबंध? आणि वडिलांनी सोबत जायचं तर त्यांचा व्हिसा, विमा, तिकीट, हॉटेल मिळून मुलीचे काही महिन्यांचे पैसे जातील. हाउसमाइस्टर त्यांनाही सोमवारीच भेटेल.

मी कामानिमित्त बरीच भटकते, बहुतेक वेळा एकटी. माझा अनुभव असा की अंधाऱ्या गल्लीपेक्षा विमानतळाच्या दाराबाहेरची पहिली दहा मिनिटं जास्त त्रासाची. थकलेले असतो, फोनला नेटवर्क नाही, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी अगदी गोड आवाजात "टॅक्सी?" म्हणत जवळ येतो. माझा नियम साधा आहे: जो स्वतःहून आला त्याच्यासोबत जायचं नाही. लंडनचा कायदाही साधारण हेच सांगतो. रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते ती फक्त काळी कॅब. मिनीकॅब, म्हणजे खाजगी टॅक्सी, आधी नोंदवलेलीच हवी. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाला तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर टॅक्सी कुठे उभी आहे तो क्रमांक असतो. भाडं मीटरप्रमाणे, वर विमानतळाचे ५० बाथ. चिठ्ठी ड्रायव्हरला द्यायची नाही, स्वतःजवळ ठेवायची. तिथली रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, म्हणून रात्री ही रांगच खरी.

जर्मनीत टॅक्सीची भीती त्यामानाने कमी. मीटर असतो, दर शहराने ठरवलेले असतात. महाग मात्र आहे.

दर्यावर्दी | १५ सप्टेंबर, दुपारी १:२०

आम्ही रत्नागिरीकडचे, आयुष्य जहाजावर गेलं. जहाज पकडायला जायचं म्हणजे कुठल्या देशात कुठल्या वेळेला उतरवतील याचा नेम नाही. बंदराचा एजंट न्यायला येणार असं कंपनी सांगते. येतो बहुधा. नाही आला तर तुम्ही, तुमची बॅग आणि पहाटेचे तीन.

तेव्हा शिकलेल्या गोष्टी सांगतो.

पाटी घेऊन उभा असलेल्या माणसाला आपलं नाव आपण सांगायचं नाही. त्यालाच विचारायचं, "कोणाला न्यायला आलास?" जहाजाचं नाव, कंपनीचं नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे. एका बंदरात एक इसम दुसऱ्याच्या पाटीवरचं नाव लांबून वाचून स्वतः तेच नाव पुकारत पुढे आला होता. आमच्यातला जुना बोसन (खलाशांचा मुकादम) हुशार, त्याने विचारलं, "जहाज कुठलं?" इसम गायब. तुमच्या भाचीला घ्यायला कोणी येणार असेल तर आधीच एक शब्द ठरवा, फक्त त्या दोघांना माहीत. पाटीवर नाव नको, तो शब्द लिहायचा.

दुसरं, कागद. मोबाईल मेला की माणूस मुका होतो. पत्ता, फोन नंबर, गाडीची वेळ, सगळं कागदावर मोठ्या अक्षरात, जर्मन स्पेलिंगमध्ये. दोन प्रती. एक पासपोर्टसोबत नाही, वेगळ्या खिशात.

तिसरं, घरचे फोन. आई दर दहा मिनिटांनी फोन करते, पोरगी बॅगा सांभाळत बोलते, बॅटरी संपते आणि गाडीची घोषणा ऐकायची राहून जाते. चार ठिकाणं ठरवा: उतरले, गाडीत बसले, गाडी बदलली, दार लावलं. तिथून एकेक मेसेज. मधे कोणी फोन करायचा नाही. तिथे रात्रीचा एक म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. कोण जागं राहणार तेही आत्ताच ठरवा, सगळे जागे राहिलात तर सकाळी सगळेच भांडाल.

कृष्णाकाठची | १५ सप्टेंबर, रात्री ९:१५

एल्बेकाठी, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मेहुणे कॅलेंडर घेऊन बसले. त्या सुट्टीचं आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तिकीट बदलायला जवळपास नवीन तिकिटाइतके पैसे मागताहेत, तेव्हा तारीख तीच राहणार. आता तीन दिवस हॉटेलात काढायचे? आणि ३ ते ५ सगळंच बंद म्हणजे पोरगी खाणार काय?

दर्यावर्दी काका, चार मेसेजचं ताईने मान्य केलंय. पाचवा चालेल का म्हणून विचारतेय.

एल्बेकाठी | १५ सप्टेंबर, रात्री ११:४८

आधी खाण्याचं. दुकानं शुक्रवारी आणि रविवारी बंद, शनिवारी ४ तारखेला उघडी. सुट्टीच्या दिवशीही विमानतळावरची आणि मोठ्या स्थानकांतली काही दुकानं चालू असतात, पेट्रोल पंपावर ब्रेड-दूध मिळतं. दोन दिवसांचे दशम्या-ठेपले असतील तर प्रश्नच मिटला.

किल्लीसाठी एक रस्ता आहे. तिच्या वतीने दुसरं कोणी किल्ली घेऊ शकतं. त्यासाठी फोलमाख्ट लागतं, म्हणजे अधिकारपत्र. साधा कागद: मी अमुक, माझ्या वतीने तमुक व्यक्ती किल्ली घेईल, खाली सही, सोबत पासपोर्टची प्रत. करार १ ऑक्टोबरपासून असेल तर १ किंवा २ तारखेच्या सकाळी तिथला एखादा सिनियर जाऊन किल्ली आणू शकतो. पण आधी वसतिगृहाला ईमेल करून "हे चालेल का" याचं लेखी उत्तर घ्या. ईमेल जर्मनमध्ये लिहिलात तर उत्तर लवकर येतं, हे माझं निरीक्षण.

सिनियर कुठून आणायचा? तिथल्या भारतीय मुलांचे व्हॉट्सॲप गट आहेत, विद्यापीठाची नवागतांना सोबती जोडून देण्याची योजनाही असते. फक्त एक करा. "मी मुलगी, एकटी, अमुक तारखेला रात्री एकला येतेय, पत्ता हा" असं शेकडो अनोळखी लोकांच्या गटात टाकू नका. मदत हवी एवढंच लिहा, बाकी ज्याची ओळख पटली त्याला वेगळं कळवा.

आणि मुख्य मुद्दा: रात्री माग्डेबुर्गला जायलाच हवं का? साडेसातला विमान टेकलं तरी युरोपबाहेरच्या पासपोर्टची रांग, मग सामान. दोन तास सहज जातात. पुढे गाडी बदलायची, ती चुकली तर मधल्या एखाद्या स्थानकात रात्र. रात्र फ्रँकफर्टलाच काढा, विमानतळालगतच्या हॉटेलात, आणि सकाळी उजेडात निघा.

पण फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकासमोरचं स्वस्त हॉटेल घेऊ नका. विमानतळाचं स्थानक वेगळं, शहराचं मुख्य स्थानक वेगळं. त्या मुख्य स्थानकासमोरचा बानहोफ्सफिर्टल हा भाग उघड्यावर चालणाऱ्या नशाबाजीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. अंगावर येणारं असं काही होत नाही बहुधा, पण परदेशातली पहिली रात्र तिथे कशाला?

रुळांवरचा | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

एल्बेकाठींना पूर्ण अनुमोदन, थोडी भर.

आयसीई या वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट विशिष्ट गाडीलाच बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला की ते वाया. विमानाच्या तिकिटाला जोडून रेल्वेचं तिकीट देणारी रेल अँड फ्लाय ही सोय आहे. ते उतरल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं. तुमची विमान कंपनी देते का ते विचारा. नसेल तर लवचीक तिकीट घ्या, पैसे जास्त गेले तरी.

गाडीच उशिरा आल्याने पुढची शेवटची जोडगाडी चुकली तर स्वतःच्या खिशातून हॉटेल शोधत बसू नये. युरोपीय संघाच्या प्रवासी हक्क नियमांत, तासाभराहून जास्त उशीर होऊन रात्र काढावी लागली तर सोय रेल्वेने करायची आहे. तिकीट एकाच प्रवासाचं असावं, आणि स्थानकावरच्या माहिती खिडकीवर आधी जाऊन विचारावं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

हॉटेल नोंदवताना आणखी एक गफलत होते. रात्री एकला, म्हणजे तारीख ३ लागल्यावर पोचणार म्हणून लोक ३ तारखेचं बुकिंग करतात. ते ३ च्या दुपारपासून सुरू होतं! खोली २ तारखेच्या रात्रीची हवी, आणि उशिरा येतोय हे हॉटेलला कळवायला हवं. नाहीतर "आलेच नाहीत" म्हणून खोली दुसऱ्याला जाते. लहान हॉटेलांत रात्री स्वागतकक्षच बंद असतो, दाराच्या पेटीचा कोड ईमेलने येतो.

गोदाकाठची आजी | १६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी नाशिकची, वय सत्तरीपलीकडे. लेक शिकागोला. जावई म्हणाले, "आई, व्हीलचेअर मागा." मी म्हटलं, माझे गुडघे ठणठणीत आहेत, रोज गंगेवर चालते. तरी मागितली. मग काय, विमानाच्या दारापासून एक मुलगी घ्यायला. पासपोर्टची रांग वेगळी, अधिकाऱ्याचे प्रश्न तिने पुन्हा हळू सांगितले, पट्ट्यावरच्या बॅगा तिने उतरवल्या, आणि लेकीच्या हातात मला देऊनच ती गेली. इंग्रजी येत नसलं तरी अडलं नाही.

भाचीला अर्थात याची गरज नाही. पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं. आणि दशम्यांना दुधात पीठ भिजवा, पाण्यात नको, टिकतात.

हिंडफिरी | १६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून: चालता येत असताना व्हीलचेअर मागितली की ज्यांना खरोखर गरज आहे ते विमानाच्या दारात ताटकळतात. भारतातून जाणाऱ्या काही विमानांना इतक्या खुर्च्या मागितलेल्या असतात की माणसं कमी पडतात. भाषा येत नाही म्हणून सोबत हवी असेल तर काही कंपन्यांकडे नुसती मदत मागता येते, खुर्चीशिवाय. आधी विचारून पाहावं.

गोदाकाठची आजी | १६ सप्टेंबर, दुपारी ४:००

हे जावयाला सांगते. खुर्चीशिवाय मिळत असेल तर मला तेच आवडेल, बसून बसून पाय आखडतात.

पानपिंपळ | १६ सप्टेंबर, रात्री १०:२०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. रात्री अनोळखी शहरात एकट्या उतरणाऱ्या बाईची काळजी आजची नाही. १८९४ मध्ये बर्लिनच्या एका स्थानकावर बानहोफ्समिसिओन सुरू झालं. खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात येणाऱ्या तरुण मुली गाडीतून उतरल्या की फसवणारे दलाल टपलेले असत; त्यांच्या आधी या मुलींना गाठायचं, निवारा द्यायचा, हा हेतू. आज जर्मनीत शंभराहून जास्त स्थानकांवर ही केंद्रं आहेत. चर्चच्या संस्था चालवतात, पण धर्म-देश कोणी विचारत नाही. चहा, बसायला जागा, गाडी बदलायला मदत, फोन. बहुतेक ठिकाणी रात्रभर उघडं नसतं, तेवढं लक्षात असू द्या.

शहरांनी केलेल्या अशा छोट्या सोयी शोधल्या की सापडतात. टोरांटोत १९९१ पासून रात्री एकट्या बाईला दोन थांब्यांच्या मधे, घराजवळ, बस थांबवायला सांगता येऊ लागलं; पुढे ती सवलत सगळ्यांनाच मिळाली. बर्लिनमध्येही रात्री आठनंतर बसचालकाला तसं सांगता येतं. जपानमध्ये नाक्यानाक्यावर कोबान, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता वस्तीतल्या ब्लॉकच्या आणि घरांच्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे वाट दाखवणं हे त्या पोलिसांचं रोजचंच काम. आपल्याला पोलीस चौकीची पायरी चढायचा संकोच, तिथे लोक सहज डोकावतात.

स्पष्टवक्ता | १७ सप्टेंबर, सकाळी ७:३०

बानहोफ्समिसिओनची माहिती आवडली. वडिलांनी जावं हे मत कायम. पण उजेडात प्रवास करा हे एल्बेकाठींचं म्हणणं मान्य.

हिंडफिरी | १७ सप्टेंबर, सकाळी ८:४०

चला, अर्धं सीमोल्लंघन झालं.

कृष्णाकाठची, पैशांचं बघितलंत का? ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवलेत म्हणून बरेच पालक निर्धास्त असतात, पण तिथे जाऊन खातं सुरू होईपर्यंत त्यातला एक युरो हाती येत नाही. पहिल्या आठवड्याचे पैसे फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख, त्यातही पाच-दहाच्या नोटा. सिमचंही तसंच, तिथलं सिम ओळख पडताळल्याशिवाय चालू होत नाही. इथूनच ई-सिम किंवा रोमिंग घेऊन जाऊ दे, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून.

कृष्णाकाठची | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलेत. ठरलं ते असं:

पहिली रात्र फ्रँकफर्ट विमानतळाच्या हॉटेलात. २ तारखेचं बुकिंग, उशिरा येणार हे ईमेलने कळवलं, उत्तरही आलं. सकाळी साडेनऊनंतरची गाडी, लवचीक तिकीट. वसतिगृहाने अधिकारपत्र चालेल असं लेखी दिलं (ईमेल जर्मनमध्ये लिहिला, दुसऱ्या दिवशी उत्तर!). सांगलीचीच एक सिनियर मुलगी निघाली, तिच्याशी ताई व्हिडिओवर बोलली, ती २ ला किल्ली आणून ठेवेल आणि ३ ला दुपारी स्थानकावर येईल. ठरलेला शब्द भाचीने निवडलाय, आम्हालाही सांगत नाही.

एकच वाद उरलाय. ताई सोलापुरी चादर आणि उशी कोंबतेय, भाची म्हणते तिथे सगळं मिळतं.

एल्बेकाठी | २१ सप्टेंबर, रात्री ११:१५

चादर न्या. वसतिगृहाच्या खोलीत पलंग-गादी असते, पण अंथरूण-पांघरूण बहुधा नसतं, आणि ३ तारखेला विकत घ्यायला दुकान उघडं नाही. उशी राहू द्या, स्वेटर गुंडाळून चालतो. ताईंना सांगा, अर्ध्या त्या जिंकल्या.

कृष्णाकाठची | ६ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ७:०५

पोचली. विमानाला उशीर झाला, पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला. रात्री दहा वाजून गेले तरी ती हॉटेल शोधत होती. विमानतळ केवढा, आणि कुठल्या टर्मिनलहून कुठे जायचं ते कळेना. एका सफाई कामगार बाईंना कागद दाखवला, त्या दारापर्यंत घेऊन गेल्या. आधीच्या बेताप्रमाणे त्याच रात्री माग्डेबुर्गला निघाली असती तर कुठे अडकली असती देव जाणे. मेसेज चारच्या जागी सहा आले, आम्ही एकही फोन केला नाही. चादर कामी आली.

टेकडीवरचा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

अभिनंदन! आता रुमाल उचलून विचारतो. मुलाचं पुढच्या वर्षीचं होतं, पण पुतण्याचंच आधी आलं. लाइपझिगला १ जानेवारीपासून नोकरी. भावाने तिकीट बघितलंय २४ डिसेंबरचं, संध्याकाळी सहाला तिथे. फार स्वस्त आहे हो.

एल्बेकाठी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४४

काढू नका! २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या, २७ शनिवार, २८ रविवार. किल्ली कोण देणार ते विचारा आणि वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.